मास्तरांची हार

आमच्या अमलापुरमचे लोक फार रसिक, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. आता कुणी म्हणालं की मी दुकानातली एखादी परात उगाच पुसायला घेतो. नाहीतर तोंडातून भलतंच काहीतरी निघेल.

मी बुल्लब्बायी. कालव्याच्या पुलापाशी माझं भांड्यांचं दुकान आहे. पण गावात मला ओळखतात ते भांड्यांमुळे नाही, तोंडामुळे. चिर्रावूरि सोमयाजुलु मास्तरांच्या अष्टावधानात मध्येमध्ये नको ते बोलणारा जो माणूस, तो मी.

अष्टावधान म्हणजे आठ जणांनी मिळून एका माणसाचं डोकं आठ बाजूंनी ओढायचं. एक जण कवितेची शेवटची वेडगळ ओळ देतो आणि म्हणतो, हिच्या आधीच्या ओळी रचून हिला शहाणी करा. दुसरा चार भलतेच शब्द पुढ्यात टाकतो आणि ते सीतेच्या वर्णनात बसवा म्हणतो. एक जण बुद्धिबळाचा पट मांडून बसतो. एक जण मनाला येईल तेव्हा घंटेवर टोला देतो आणि शेवटी विचारतो, किती झाले. मास्तरांनी एका फेरीत प्रत्येकाला एकच ओळ द्यायची आणि पुढच्याकडे वळायचं. अशा चार फेऱ्या. हातात कागद नाही, पेन नाही. सगळं संपलं की सगळ्या कविता अख्ख्या म्हणून दाखवायच्या, तिला धारणा म्हणतात. आणि हे चाललेलं असताना आठवा माणूस, म्हणजे मी, विचारणार, "मास्तर, धोतराला तो डाग कसला?" अप्रस्तुत बोलणारा म्हणूनच मला तिथं बसवलेलं असतं. मास्तरांनी मला असं उत्तर द्यायचं की लोकांनी पोट धरून हसावं, आणि तरी हातातली एकही ओळ सुटता कामा नये.

मास्तर म्हणजे कुणी मोठी असामी नव्हेत हं. सरकारी हायस्कुलात तेलुगु शिकवायचे, सायकलवरून जायचे, निवृत्त झाल्यावरही त्याच सायकलवरून भाजी आणायचे. हैदराबादेहून त्यांना कधी बोलावणं आलं नाही. गोदावरीच्या अलीकडची आणि पलीकडची चार-दोन गावं, देवळांचे उत्सव, शाळांची संमेलनं, एवढाच त्यांचा मुलूख. सभेनंतर एक शाल आणि केळ्यांचा घड मिळायचा. शाली इतक्या साठल्या की त्यांच्या बायकोनं, शेषारत्नम वहिनींनी, त्यांच्या उशा शिवल्या. "एवढ्या पांडित्यावर झोपूनही मला एक ओळ येत नाही बघा," असं म्हणायच्या.

पण त्यांचं डोकं मी जवळून पाहिलेलं आहे. एकदा मी विचारलं, मास्तर, हे राहतं तरी कसं? तर म्हणाले, "माझ्या लहानपणची अग्रहाराची, म्हणजे ब्राह्मणवस्तीची, गल्ली आहे ना, ती मी मनात धरतो. प्रत्येकाची कविता एकेका घराच्या ओसरीवर बसवतो. फेरी आली की गल्लीतून चालत जायचं. ज्याची त्याची ओळ ज्याच्या त्याच्या ओसरीवर बसलेली असते, उठवायची आणि घेऊन यायची."

"आणि मी कुठं बसतो?"

"तू गल्लीतलं कुत्रं. भुंकतोस, आणि मी काठी उगारतो."

ते घड्याळ कधी वापरत नसत. वर्गात शिपाई घंटेकडे निघायच्या आधी यांचं पुस्तक मिटलेलं असायचं. त्याचंही त्यांच्याकडे उत्तर होतं. वेळ म्हणजे दुसरं काय, गल्लीतून कोण कोण येऊन गेलं ते लक्षात ठेवणं. तेवढं ठेवलं की किती वेळ झाला ते आपोआप कळतं.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं डोकं फिरायचं. हल्ली काही अवधानी प्रश्न आधीच मागवून घेतात, घरून कविता पाठ करून येतात आणि स्टेजवर कपाळाला हात लावून विचार केल्याचं नाटक करतात. नुसता विषय निघाला तरी मास्तरांचे कान लाल व्हायचे. त्यांच्या गुरूंनी त्यांना सांगितलं होतं, ओळ सुटली तर उभं राहून लोकांना सांगायचं, सुटली. न सांगता जो शाल घेतो तो चोर. मास्तरांवर तशी वेळ कधी आली नाही. एकाही सभेत त्यांची एकही ओळ सुटली नव्हती.

मग रावुलपालेमची सभा झाली. अध्यक्ष डुलक्या घेत होते, त्यावरून मी एक विचारलं, मास्तरांनी झकास टोला दिला. पुढच्या फेरीत मी आणखी दोनदा भुंकलो, दोन्ही वेळा काठी बसली. आणि थोड्या वेळानं मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे बुल्लब्बायी, तोंडाला कुलूप लावून आलास? आज एकही प्रश्न नाही?"

मंडप हसून हसून फुटायचा बाकी राहिला. मीसुद्धा हसलो. माझ्या सगळ्या बडबडीला माणसानं प्रश्नात जमासुद्धा धरलं नाही, काय उडवली माझी, असं घरी जाऊन बायकोला सांगितलं. सांगताना दोनदा हसलो.

घरी वहिनींचंही तेच. कॉफीचा पेला खाली ठेवून मास्तर विचारायचे, "कॉफी झाली का?" वहिनी म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून मला वेड्यात काढायची हौस आहे यांना, आता म्हातारपणी जास्तच आली." एकच गोष्ट तीन-तीनदा विचारली तरी त्यांना नवल वाटेना, कारण त्या घरात एकच ओळ उलटसुलट घोळवणं हा रोजचाच उद्योग होता. दुसऱ्या एखाद्या घरात लोक घाबरले असते. इथं आम्ही सगळे कौतुक करत बसलो.

मला कळलं ते दुकानात. एका सकाळी मास्तर आले, "बसत नाही, जरा टेकतो," म्हणाले आणि स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं, गेलं, ट्रकमधून माल उतरला. ऊन पायरीवरून आत आलं. मी म्हटलं, मास्तर, जेवायची वेळ झाली, वहिनी वाट बघत असतील. तर माझ्याकडे चमकून बघत म्हणाले, "हाकलतोस काय रे? आत्ता तर आलो."

थट्टा नव्हती ती. ज्या माणसाला घड्याळ लागत नव्हतं, त्याची अख्खी सकाळ माझ्या दुकानात सांडली आणि त्याला पत्ता नाही.

गावातल्या डॉक्टरकडे नेलं. तो मास्तरांचाच विद्यार्थी. मास्तरांनी त्याच्या नाडी बघण्यावर तिथल्या तिथे चार ओळी रचल्या. तो असा खूष झाला की विचारू नका. मला बाजूला घेऊन म्हणाला, "असं काव्य करणाऱ्या माणसाला विस्मरण? बुल्लब्बायी, तुला सगळीकडेच अप्रस्तुत बोलायची सवय लागलीय." शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांमध्ये आमचे कित्येक महिने गेले. आजही तो रस्त्यात भेटला की मी दुसऱ्या बाजूनं जातो.

शेवटी वहिनींनी आणि मी मिळून मास्तरांना काकिनाड्याला नेलं, मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे. तरुण बाई, बोलणं मोजकं. तिनं मास्तरांना तीन शब्द सांगितले, नौका, छत्री, चिंच. म्हणाली, थोड्या वेळानं विचारीन, लक्षात ठेवा. मास्तरांना शब्द दिले म्हणजे काय होणार? डोळे मिटले आणि तिन्ही शब्द गुंफून कविता केली. नावेतून पैलतीरी निघालेली गरोदर बाई, वर छत्री, ओटीत चिंचा. बाईच्या हातातलं पेन थांबलं. तीही आमच्यातलीच, कवितेला भुलणारी. क्षणभर मला वाटलं, झालं, हीसुद्धा गेली.

पण तिनं मान हलवली आणि म्हणाली, "छान. आता डोळे मिटा, आणि एक मिनिट झालं असं वाटलं की हात वर करा."

ती घड्याळाकडे बघत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वहिनी मास्तरांच्या हाताकडे. तो हात मांडीवर होता तिथेच राहिला. बऱ्याच वेळानं मास्तरांनी डोळे उघडले आणि अदबीनं विचारलं, "आपण काही सांगणार होतात ना?"

"मघाचे तीन शब्द?"

"कुठले शब्द?"

"तुम्ही कविता केलीत ना त्यांच्यावर. नावेतली बाई."

मास्तर हसले. "कल्पना चांगली आहे. कुणाची?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग बाईंनी मास्तरांनाच नीट समजावून सांगितलं, आडपडदा न ठेवता, आणि त्यासाठी मी तिला मानतो. जुनं सगळं मेंदूत पक्कं बसलेलं आहे, म्हणाली, वृत्तं, पुराणं, शाळेतली पोरं, सगळं. पण आत्ताची गोष्ट हातात धरून दुसरी गोष्ट करायची, ही जी धरून ठेवायची शक्ती आहे ती चाललीय. मेंदूत वेगळं घड्याळ नसतं. काय काय धरून ठेवलं त्यावरून तो वेळेचा अंदाज करतो. धरणंच सुटलं की वेळही सुटतो.

मास्तर शांतपणे म्हणाले, "म्हणजे घरं उभी आहेत, ओसरीवर कुणी टिकत नाही."

बाईंना ते कळलं नाही, तरी त्या हो म्हणाल्या. मग मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "मी विसरतोय, हे मला कुठवर कळत राहील?"

बाई म्हणाल्या, "एक दिवस येईल, तेव्हा तेही कळणार नाही. तेव्हा तुम्हाला त्रास होणार नाही."

"त्रास होणार नाही," मास्तर म्हणाले. पुन्हा म्हणाले, "त्रास होणार नाही." असा कडवट चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

काकिनाड्याहून यानाममार्गे परत येताना बसमध्ये त्यांनी माझा हात धरला. "बुल्लब्बायी, एक सभा लाव. शेवटची. जेवढं येतं तेवढं करीन, आणि सुटलं की उभा राहून सांगीन, सुटलं, आजपासून अवधान बंद. मला कळतंय तोवर मला हे माझ्या तोंडानं सांगायचंय. नंतर मी स्टेजवर बसून काहीबाही बोललो, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी शाल घेतली, तर मी चोर ठरलो ना? आणि मला ते कळायचंसुद्धा नाही."

वहिनी पुढच्या सीटवरून वळल्या. "घरी बसून सांगा की. चार लोकांना बोलावू. एवढ्या लोकांत कशाला हसं करून घ्यायचं?"

"घरात हरण्याला हरणं म्हणत नाहीत, रत्नं," मास्तर म्हणाले. मग मला म्हणाले, "आणि तू मला ओळ सुचवायची नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली. ती मी मोडली नाही, हे आधीच सांगून टाकतो. मोडली असती तरी काय मोठा फरक पडला असता म्हणा.

उगादीला, म्हणजे तुमच्या पाडव्याला, साहित्य सभेची मोठी सभा असते. सभेचे अध्यक्ष मुदुनूरी पेद्दिराजू, दोन भातगिरण्यांचे मालक. त्यांच्याकडे मास्तर स्वतः गेले, मी सोबत होतो. मास्तरांनी सरळ सांगितलं, "राजूगारू, माझी स्मृती गेली आहे. मी बहुतेक या सभेत हरेन. हरलो की तसं सांगणार आहे."

पेद्दिराजूंनी दोन्ही हात जोडले. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "काय हा विनय. भरल्या घागरीला आवाज नसतो तो असा. मास्तर, या वर्षी पंडिताच्या मानाचा सोन्याचा तोडा तुमच्या पायात घालायचं ठरलंय आमचं. आमदार येणार आहेत."

"मी विनय करत नाहीये हो."

"बघा, पुन्हा विनय."

आता बोला. आमच्याकडे सगळेच कवी सुरुवातीला म्हणतात, मी मूढ, मी अज्ञ, माझं कसलं ज्ञान. हजार वर्षं तेच ऐकून ऐकून आमचे कान असे किटलेत की खरोखरचा बुडणारा माणूस बुडालो म्हणाला तरी आम्ही नमस्कार करू. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मास्तर, डॉक्टरीणबाईंचं पत्र दाखवू. मास्तर म्हणाले, "नको. माझं तोंड पुरे आहे अजून."

उगादीच्या सकाळी वहिनींनी धोतराला स्वतः इस्त्री केली. कडुनिंबाच्या फुलांची चटणी त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "जा, सांगून टाका एकदाचं. मी समोरच बसते. तुम्ही माझ्याकडे बघून सांगा." त्या घाबरलेल्या होत्या, पण आता त्या त्यांच्या बाजूनं होत्या.

संध्याकाळी मंगल कार्यालय गच्च भरलं. आमदार आले, हार झाले, भाषणं झाली. तोडा लाल मखमलीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला. पहिली फेरी मास्तरांनी अशी केली की माझा मलाच संशय आला, डॉक्टरीणबाईंचं काही चुकलं तर नाही ना. मी दोनदा भुंकलो, दोनदा काठी बसली. दुसरी फेरी हळू झाली. पण झाली. घंटेचे टोले पडत होते.

तिसऱ्या फेरीत पहिली पाळी शेवटची ओळ देणाऱ्यांची, म्हणजे कॉलेजचे तेलुगुचे प्रोफेसर दुव्वूरी यांची. त्यांनी मान तुकवली. मास्तरांनी डोळे मिटले. मला दिसत होतं, ते गल्लीत शिरलेत. आणि मला दिसत होतं, ते परत येत नाहीयेत. त्यांचे ओठ हलले, थांबले. डोळे उघडून त्यांनी दुव्वूरींकडे पाहिलं, जसं रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

मी गप्प होतो. मला ती शांतता हवी होती. त्या शांततेतच मास्तरांना उभं राहायचं होतं. पण आमचे रसिक शांतता सोसतील तर ना. मागून कुणीतरी ओरडलं, "बुल्लब्बायी, झोपलास काय? विचार की काहीतरी." मग दहा जण ओरडले. मी मान हलवली. पेद्दिराजूंनी स्वतः माईक माझ्या तोंडापुढे धरला. मी काहीच विचारलं नाही. नुसतं म्हणालो, "मास्तर, काय झालं?"

मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. स्वच्छ आवाजात म्हणाले, "ओळ गेली. मघाची ओळ मी काय म्हटली ते मला आठवत नाही. मला आता अवधान जमत नाही. मंडळी, ही माझी हार आहे."

एक क्षण, अगदी एक क्षण, सभा गप्प झाली. मला वाटलं, ऐकलं, यांनी ऐकलं. तेवढ्यात दुव्वूरींनी मांडीवर थाप मारली. "वा. काय श्लेष. बुल्लब्बायी विचारतो काय झालं, तर म्हणे हार. अहो, आमदारांना हार झाला, अध्यक्षांना हार झाला, मास्तरांचा राहिला की. मागून घेतला बघा कसा." आणि टाळ्या. अशा टाळ्या मी जन्मात ऐकल्या नाहीत. "हार आणा रे, हार," पेद्दिराजू ओरडले, आणि मोगऱ्याचा हा जाडजूड हार मास्तरांच्या गळ्यात पडला.

मास्तर म्हणाले, "नाही, नाही. मी हरलोय हो." लोक आणखी हसले. मास्तरांनी हार काढायला हात घातला तर पेद्दिराजूंनी हात धरला, राहू द्या, राहू द्या, तुम्हाला शोभतो.

मग मला राहवलं नाही. मी माईक ओढून घेतला. "ऐका. हा विनोद नाही. मास्तर खरं सांगतायत. त्यांना आजार झालाय, काकिनाड्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ते थांबतायत. त्यांना ऐका तरी."

आणि लोक जे सुटले. माझं कामच काय, तर नको ते बोलायचं. वीस वर्षं मी याच माईकवरून यांना हसवलं होतं. कुणी शिट्टी मारली. कुणी म्हणालं, "बुल्लब्बायी आज फुल फॉर्मात." आमदार रुमालानं डोळे पुसत होते. मी शिव्या दिल्या, चांगल्या सणसणीत दिल्या, त्यावरही हसले. हसणाऱ्यांच्या मधोमध वहिनी एकट्या ताठ बसून होत्या. मास्तर त्यांच्याकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून ते सगळं पुसलं जाताना मी पाहिलं. आपण उभे का आहोत, हेच त्यांना कळेनासं झालं. लोक हसतायत म्हणून तेही थोडे हसले आणि खाली बसले.

एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. त्या वेळी समोरचे सात पंडित काही हसत नव्हते. दुव्वूरीसुद्धा गप्प होऊन नखं बघत बसले. त्यांना कळलं होतं. ज्यांनी ओळी दिल्या-घेतल्या त्यांना कळणार नाही होय? पण एकानंही तोंड उघडलं नाही. पेद्दिराजूंनी जाहीर केलं की आमदारांना पुढे जायचंय, वेळ कमी आहे, तेव्हा धारणा झाली असं समजू या. ती झाली असं समजायला सगळ्यांनी हात वर केले. मास्तरांच्या पायात सोन्याचा तोडा घातला. घंटावाला बिचारा अजून टोले देत होता, त्याला कुणी थांब म्हणालंच नाही.

मी नंतर दुव्वूरींना गाठलं. म्हटलं, "प्रोफेसर, तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो, पण उशिरा," ते म्हणाले. "आणि एवढ्या मोठ्या माणसाची अब्रू जाऊ द्यायची का? आम्ही सांभाळून घेतलं."

"अब्रू सांभाळायलाच तो उभा राहिला होता. तुम्ही ती घालवलीत."

"तू फार शब्दाला शब्द जोडून बोलतोस, बुल्लब्बायी," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे गेलो. ते पायातल्या तोड्याकडे बघत बसले होते. "हे कसलं? आणि सभा कधी आहे? मला लोकांना एक सांगायचंय."

मी काही बोलायच्या आत वहिनी आतून आल्या. "सभा काल झाली. सांगितलंत तुम्ही."

"सांगितलं? उभं राहून?"

"उभं राहून. स्वच्छ सांगितलंत."

"लोक काय म्हणाले?"

"गप्प झाले," वहिनी म्हणाल्या. "कुणी हसलं नाही."

मास्तरांनी मोठा श्वास सोडला. मग तासाभरानं पुन्हा विचारलं, सभा कधी आहे. वहिनींनी पुन्हा तेच सांगितलं, तेवढ्याच शांतपणे. रोज. पावसाळा लागेपर्यंत रोज. आणि प्रत्येक वेळी मास्तरांचा जीव तेवढाच भांड्यात पडायचा. वहिनींचा मात्र कधी पडला नाही.

त्यातच तणुकूचे लोक त्यांच्या गावी मास्तरांची सभा ठरवायला फळांची पाटी घेऊन आले, पुढे पेद्दिराजू. "वहिनी, तो 'हरलो'वाला भाग लोकांना इतका आवडलाय की काय सांगू. तिथंही तेवढा नक्की ठेवायचा."

वहिनी कधी मोठ्यानं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. तेव्हाही मोठ्यानं बोलल्या नाहीत. "राजूगारू, देव करो आणि तुमच्या घरातल्या कुणाचं तरी डोकं असंच जावो. मग त्याला न्या तणुकूला." पाटी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं. पेद्दिराजू मला म्हणाले, बाईंना यश सोसत नाही. मी थुंकलो. त्यांच्या अंगावर नाही, बाजूला. त्याचं आज वाईट वाटतं, अंगावर थुंकायला हवं होतं.

पावसाळ्यानंतर मास्तरांनी सभा कधी आहे ते विचारणं बंद केलं. मला वाटलं, बरे होतायत. वहिनींना कळलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाली होती तो दिवस येऊन गेला होता, कुठला ते कुणालाच कळलं नाही.

परवा कॉलेजची मुलंमुली आली होती, मोबाईलवर मास्तरांची मुलाखत घ्यायला. मास्तर छान दिसत होते, अंगावर शाल, पायात तोडा. जुन्या सभा, जुन्या ओळी धडाधड सांगत होते. एका मुलीनं विचारलं, "मास्तर, तुम्ही कधी हरलात का?"

"एकदाही नाही," मास्तर म्हणाले. छाती पुढे काढून म्हणाले. "हरलो असतो तर उभं राहून सांगितलं असतं. न सांगता जो शाल घेतो तो चोर."

मी ओसरीच्या पायरीवर बसलो होतो. माझी काय मती फिरली कोण जाणे, मी म्हटलं, "मास्तर, हरलात की. उगादीच्या सभेत. सगळ्यांसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलंत. मी होतो ना तिथं."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, सापडतंय, आत्ता सापडेल. मग ते मुलांकडे वळले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याचं काही मनावर घेऊ नका. याला आम्ही अप्रस्तुत बोलायलाच ठेवलाय."

मुलं हसली. मास्तर हसले, अगदी पहिल्यासारखे. वहिनी आत होत्या, त्या बाहेर आल्या नाहीत.